स्वाती, थेट खंडाळ्याच्या माथ्यावर

ताऱ्याचा पत्ता दोन आकड्यांत मावतो: विषुवांश आणि क्रांती. विषुवांश म्हणजे आकाशातला रेखांश, तर क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांशच. क्रांती जितकी, तितक्याच अक्षांशावर तारा थेट डोक्यावरून जातो. खंडाळा सुमारे १८° ४५′ उत्तरेवर, तर स्वातीच्या ताऱ्याची क्रांती +१९° हून किंचित जास्त. त्यामुळे इथे तो खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, अर्ध्या अंशाच्याही आतून जातो. एप्रिलअखेरीस रात्री साडेबाराच्या सुमारास मान पुरती मागे टाकून पाहा. जूनमध्ये हीच वेळ रात्री नऊची, सोयीची. पण तेव्हा घाटात ढगांचंच राज्य!

ताऱ्याच्या पत्त्याचे हे आकडे कायमचे नाहीत. परांचन (पृथ्वीच्या अक्षाची संथ गिरकी) आणि ताऱ्याची निजगती (त्याचं स्वतःचं आकाशातलं सरकणं) यांमुळे स्वातीची क्रांती शतकात सुमारे अर्धा अंश घटते. म्हणून तारासूचीत संदर्भवर्ष नोंदवतात, सध्या बहुधा २०००. याच शतकात स्वाती खंडाळ्याच्या नेमकी डोक्यावर येईल.