पोट बिघडलेल्या कुत्र्याचं पथ्य

घरातलं कुत्रं सकाळीच पिवळा फेस ओकतं, दोनतीनदा पातळ जुलाब करतं आणि कोपऱ्यात अंगाची मुटकुळी करून पडून राहतं. मग घरातला प्रत्येक जण त्याला काहीतरी भरवायला बघतो. कुणी दूधपोळी कुस्करतं, कुणी बिस्किट पुढे करतं, कुणी भातावर साजूक तूप सोडतं. माया खरी असते, पण त्या दिवशी नेमके हेच पदार्थ त्याला सोसत नाहीत.

का सोसत नाहीत, ते आतड्यात डोकावलं की कळतं. लहान आतड्याच्या अस्तरावर अतिशय बारीक उंचवटे असतात आणि त्यांवरच्या पेशी अन्नरस शोषून घेतात. उकिरड्यावरचं खरकटं, शिळं मांस, जंत किंवा विषाणू यांमुळे हे अस्तर सुजतं, पेशी झडतात. न शोषलेलं अन्न पुढे सरकताना पाणीही ओढून नेतं, तोच जुलाब. दुधातली साखर पचवणारं विकर मोठ्या कुत्र्यांत मुळातच कमी असतं आणि अस्तर झडल्यावर तेही घटतं. तूप आणि मटणाची चरबी जठरात रेंगाळते, त्यामुळे मळमळ वाढते. काही कुत्र्यांत जड, तेलकट खाण्याने स्वादुपिंडालाच सूज येते आणि ते दुखणं फार वाईट असतं.

दिलाशाची गोष्ट अशी, की या पेशी थोड्याच दिवसांत पुन्हा तयार होतात. त्यांचं बरंचसं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच होतं. म्हणून दिवस दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. पार्व्हो विषाणूची लागण झालेल्या पिल्लांवरचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात उलट्या थांबण्याची वाट न पाहता नाकातल्या नळीवाटे लवकर अन्न दिलेली पिल्लं अधिक लवकर सुधारली. हे काम दवाखान्यातलं, घरी करायचं नव्हे. पण पोट रिकामं ठेवणं हाच उपचार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या कुत्र्याला उलट्या होत असतील तर सहा ते बारा तास अन्न थांबवावं. नुसते जुलाब असतील तर उपास घडवायची गरज नाही. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नये, त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. त्याला थेट डॉक्टरांकडेच न्यावं.

पाणी कधीच तोडू नये, फक्त ते द्यायची रीत बदलावी. तहानलेलं कुत्रं भांडंभर पाणी घटाघटा पितं, जठर एकदम ताणलं जातं आणि सगळं बाहेर पडतं. उलट्या होत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोनतीन चमचे पाणी द्यावं. ते टिकलं की हळूहळू वाढवावं. हिरड्यांवरून अधूनमधून बोट फिरवून बघावं. त्या ओलसर, गुळगुळीत हव्यात; चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालेलं आहे.

पाणी टिकलं की गुरगुट्या भात. साधा पांढरा तांदूळ चौपट-पाचपट पाण्यात अगदी मऊ शिजवायचा. असा भात सहज पचतो आणि त्यात चोथा फार कमी असतो. हातसडीचा तांदूळ या दिवसांत नको. सोबत कातडी आणि हाडं काढलेलं, नुसत्या पाण्यात उकडलेलं कोंबडीच्या छातीचं मांस, बारीक तंतू करून. मीठ, तेल, मसाला काही नाही. कांदा आणि लसूण तर कधीच नाही, त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. तयार सूपच्या वड्यांतही कांद्याची पूड असते, म्हणून त्याही टाळाव्यात. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा साय काढलेल्या दुधाचं ताजं पनीर थोडंसं कुस्करून घालावं. चमचाभर उकडलेला लाल भोपळाही चालतो.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर, दहा किलो वजनाच्या कुत्र्याला विश्रांतीत दिवसाला साधारण 400 कॅलरी लागतात. 200 ग्रॅम नेहमीसारखा शिजलेला भात आणि 80 ग्रॅम उकडलेलं मांस यांतून जवळपास तेवढ्या मिळतात. पण पहिल्या दिवशी हा आकडा गाठायचा हट्ट नको. एक-दोन चमचे कोमट अन्न द्यावं, दोनेक तास थांबावं, टिकलं तर पुन्हा थोडं. दिवसभरात पाच-सहा वेळा. तोंड उघडून घास कोंबू नये; कोंबलेलं अन्न श्वासनळीत जाऊ शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या खुणा दिसल्या तर भाताचं पातेलं बाजूला ठेवून दवाखाना गाठावा: पाणीही न टिकणं, शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, पांढुरक्या हिरड्या, उठवत नाही इतकी मरगळ. आंब्याची कोय, मक्याचं कणीस किंवा मोजा गिळल्याची शंका असेल तर घरी वाट बघू नये, आतडं तुंबतं. पोट फुगलंय आणि कुत्र्याला कोरडे उमासे येतायत, पण बाहेर काही पडत नाही, अशा वेळी जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासाचाही उशीर जिवावर बेततो. म्हातारं किंवा मधुमेही कुत्रं असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, दोन्ही कुत्र्यांना घातक ठरतात. माणसांची जुलाब थांबवायची गोळीही परस्पर नको. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत तिच्यातला लोपेरामाइड मेंदूपर्यंत पोचून विषासारखा बाधतो.

शौच बांधून येऊ लागलं की एक-दोन दिवस भातच चालू ठेवावा. मग पाव हिस्सा नेहमीचं अन्न मिसळावं, नंतर अर्धं, नंतर पाऊण, असं करत चार-पाच दिवसांत मूळ खाण्यावर यावं. भात-कोंबडी महिनाभर चालू ठेवणारी घरंही असतात, कारण कुत्रं ते आवडीने खातं. पण त्यात कॅल्शियम आणि इतर क्षार पुरेसे नसतात, वाढत्या पिल्लाची तर हाडंच कमकुवत होतात. मिसळताना पुन्हा पातळ झालं तर एक पायरी मागे यावं. तरीही दोन दिवसांत फरक पडला नाही, तर सकाळचं ताजं शौच स्वच्छ डबीत घेऊन डॉक्टरांकडे जावं. जंतांची अंडी आणि जिआर्डिया नावाचे परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात आणि पथ्याने ते जात नाहीत.