संवेग आणि व्याकरण

पाली वाङ्मयात ‘संवेग’ असा एक शब्द आहे. जरा, व्याधी आणि मरण यांचे भान एकाएकी तीव्र झाल्यामुळे चित्ताला बसणारा हादरा आणि त्या हादऱ्यातून उत्पन्न होणारी निकड हे दोन्ही अर्थ त्यात एकवटलेले असून भय किंवा खिन्नता यांहून तो निराळा मानला जातो. कारण भयाने माणूस जागीच थिजू शकतो, तर संवेगाने त्याने प्रयत्नाला लागावे अशी अपेक्षा असते. आतून हाक आली, असे मराठीत काहीशा सैलपणे म्हटले जाते, त्यामागच्या अनुभवाला हा शब्द पुष्कळच नेमकेपणाने पकडतो. मात्र हादरा बसल्यानंतर प्रयत्नाची वाट कशी सापडते, तिला किती वर्षे लागतात आणि तिची किंमत कोण मोजते, हे प्रश्न शब्दाच्या व्याख्येत मावत नाहीत. त्यांचा विचार करण्यासाठी धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राइतके उपयुक्त उदाहरण अर्वाचीन महाराष्ट्रात आणि गोव्यात क्वचितच मिळेल.

कोसंबींचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण फारसे न झालेला, लहानपणीच लग्न होऊन माडांच्या बागायतीची देखरेख अंगावर पडलेला हा तरुण जी मराठी पुस्तके हाती येतील ती वाचत असे, आणि विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी चालविलेल्या ‘बालबोध’ मासिकात १८९७ च्या सुमारास त्याच्या वाचनात बुद्धाचे चरित्र आले. ज्या वाचनाने पुढे पाली विद्येच्या भारतातील पुनरुज्जीवनाला हातभार लावला, ते एका बालमासिकातले होते ही गोष्ट मोठ्या ग्रंथालयांच्या अभिमान्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तथापि चरित्र वाचले आणि तरुण निघाला, असे घडले नाही. मधली दोनएक वर्षे संसाराच्या अडचणींत, प्रकृतीच्या तक्रारींत आणि मनाच्या चलबिचलीत गेली, आणि १८९९ च्या अखेरीस जेव्हा त्यांनी खरोखरच घर सोडले, तेव्हा पत्नी बाळाबाई यांच्या पदरी माणिक ही तान्ही मुलगी होती.

यानंतरचा प्रवास वैराग्याच्या रूढ चित्राशी जुळत नाही. कोसंबी पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले, आणि बुद्धाचा धर्म जाणायचा तर आधी भाषा हवी हे उमगल्यावर संस्कृतच्या मागे लागले. काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरणाची घोकंपट्टी केली. बौद्ध धर्म तेथे जिवंत असेल या आशेने ते नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. मग बोधगया, कलकत्ता असे करीत १९०२ साली सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. श्रामणेर म्हणजे पूर्ण भिक्षू होण्याआधीचा उमेदवार. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी काही काळ अभ्यास आणि ध्यान केले. या सात वर्षांचा हिशेब मांडला, तर साक्षात्काराच्या क्षणांपेक्षा धातुरूपे, अनोळखी लिप्या, न सोसणारे अन्न आणि आजारपणे यांनीच ती अधिक व्यापलेली दिसतात, आणि संवेग टिकला तो या कष्टांमुळेच असे म्हणण्यास जागा आहे, कारण विद्येचा रोजचा पाठ नसता तर हादऱ्याची धार बोथट व्हायला फार काळ लागला नसता.

१९०६ साली चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, उतरवून कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवू लागले आणि पुन्हा संसारात आले. १९०७ साली जन्मलेला मुलगा दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून ख्यातनाम झाला. कलकत्त्यात याहून बराच अधिक पगार मिळत असताना सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे वेतन त्यांनी स्वीकारले, कारण त्याची अट महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक पुस्तक लिहावे एवढीच होती, आणि आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत बुद्ध पोहोचवावा हेच तर त्यांना करावयाचे होते. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या पाचव्या शतकातील ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने चित्तशुद्धीचा मार्ग सांगणाऱ्या या ग्रंथाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. हार्वर्डची ही आवृत्ती अखेर १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

ज्या कथेने स्वतःला घराबाहेर काढले त्याच कथेकडे कोसंबींनी उत्तरायुष्यात चिकित्सकाच्या नजरेने पाहिले, हा त्यांच्या शोधाचा सर्वांत रोचक भाग होय. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप घर सोडले, ही लोकप्रिय हकिगत त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात दंतकथा ठरविली. शाक्य आणि कोलिय यांच्यातील, रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटणाऱ्या कलहाचा आणि शस्त्रे उचललेल्या माणसांचा उबग हे गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे पुढे आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या बुद्धचरित्रातही रोहिणीच्या पाण्याच्या वादालाच निर्णायक स्थान आहे. म्हणजे हाक आकाशातून आलेली नसून शेजाऱ्यांच्या भांडणातून आलेली होती, असा या मांडणीचा रोख आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तावरून तर आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत तो तरुण बाहेर पडला, असे दिसते, आणि कोसंबींनी याही पुराव्याकडे लक्ष वेधले.

मागे राहिलेल्यांच्या रडण्याची ही नोंद कोसंबींच्या स्वतःच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचावी लागते. १९२४ सालच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील प्रांजळपणा निर्विवाद असला, तरी ते निघून गेलेल्याचे कथन आहे. तान्ह्या मुलीसह घरी राहिलेल्या बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली, हे त्यांच्या शब्दांत त्यात येणे शक्यच नव्हते. १९१८ साली कोसंबी पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर या दोघांना शिक्षणासाठी त्यांनी बरोबर घेतले आणि माणिकने पुढे अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजची पदवी मिळविली. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन याही वेळी मागे राहिल्या.