अर्ध्या फटक्याचा हिशेब

बेंगळुरू गोल्फ क्लब १८७६ साली स्थापन झाला. गोल्फचे फटके कार्डावर लिहिण्याची पद्धतही अशीच जुनी. आता मोबाइल अ‍ॅप त्यावरून खेळाडूचा हँडिकॅपही, म्हणजे त्याच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलतही, काढते. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात. मैदान किती अवघड, हेही त्यात मोजले जाते. त्यामुळे नवखा आणि मुरलेला खेळाडू बरोबरीने सामना खेळू शकतात. या खेळाची ही मोठीच थोरवी.

पण फटक्यांच्या नुसत्या बेरजेतून खेळातली कमतरता कुठे आहे, ते कळत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याचे मोल काढण्याची रीत मांडली. आठ फुटांवरून चेंडू होलमध्ये घालायला अव्वल व्यावसायिकांना सरासरी दीड फटका लागतो. तुम्हाला एकच लागला, तर अर्धा कमावलात. दोन लागले, तर अर्धा गमावलात. बेंगळुरूच्या अदिती अशोकचे टोकियो ऑलिंपिकचे पदक एकाच फटक्याने हुकले, हे आठवले की अर्ध्याची किंमत पटते.

अ‍ॅप वापरणार असाल, तर वाईट फेऱ्याही प्रामाणिकपणे नोंदवा आणि प्रत्येक होलवरचे पट, म्हणजे चेंडू होलमध्ये घालायचे हलके फटके, वेगळे लिहा.