पाठीवरचे मूल आणि मधले अंतर

मंडळी, बारशाचा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ओटीवर आयाबाया जमल्या आहेत, घुगऱ्या वाटल्या जात आहेत, पाळणा सजला आहे. पाळण्यापाशी बाळंतीण बसली आहे, आणि तिच्या पदराला धरून तिचे थोरले लेकरू उभे आहे. हे थोरले म्हणजे तरी केवढे, तर नुकतेच वर्ष ओलांडलेले, अजून धड चालता न येणारे. तेवढ्यात कुणीतरी म्हणते, "काय गं, तुझा वर्षाला पाळणा की काय?" सगळ्या हसतात. बाळंतीणही मान खाली घालून हसते. तिचे मालक बाहेर पानसुपारी वाटत असतात. त्यांना मात्र हा प्रश्न कुणी विचारीत नाही.

आज मला तुमच्याशी ह्या एका वाक्याविषयी बोलायचे आहे. दोन मुलांत अंतर का असावे, हे तर सांगायचेच आहे. पण त्याचबरोबर ह्या गोष्टीविषयी आपण जे शब्द वापरतो, त्यांच्याकडेही एकदा नीट पाहायचे आहे.

आपला जुना आशीर्वाद घ्या. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव.' आज तो ऐकून मुली हसतात. परंतु ज्या काळी तो दिला जाई, त्या काळी त्याला अर्थ होता. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी सव्वाशेहून अधिक बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. आठ झाली तर चार हाती लागतील, असा तो हिशेब होता. 2020 सालच्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्रातला हा आकडा हजारी 16वर आला होता. काळ बदलला, हिशेब बदलला. बोलण्याची सवय मात्र मागे राहिली.

आता 'पाठ' हा शब्द पाहा. पाठचा भाऊ, पाठची बहीण. किती मायेचा शब्द! पण त्यातूनच दुसरे एक बोलणे निघाले. पहिली मुलगी झाली आणि तिच्यामागून मुलगा आला की म्हणायचे, "गुणाची पोर, पाठीवर भाऊ घेऊन आली." आणि पुन्हा मुलगीच झाली तर? मग त्या अजाण पोरीच्या पायगुणाला नावे ठेवायची. काही घरांत तर मुलीचे नावच 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवीत. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मंडळी, पाळणा लवकर लवकर हलतो त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मुलगा हवा, आणि तो लगेच हवा. मुलगी अंगावर पीत असतानाच पुढची वाट पाहणे सुरू होते.

आणि मुले पाठोपाठ झाली की तोच समाज पुन्हा नावे ठेवायला मोकळा! 'पोरवडा', 'पोरांचं लेंढार', 'लटांबर', हे शब्द आपण कुणाला लावतो? पाटलाच्या वाड्यात सहा मुले असली तर ते 'भरलं घर', आणि मजुराच्या खोपटात चार असली तर ते 'लेंढार'. ही खोड आपल्यापुरतीच आहे असेही नाही. एका वर्षाच्या आत जन्मलेल्या दोन भावंडांना इंग्रजीत 'आयरिश जुळी' असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात उपासमारीमुळे आयर्लंड सोडून अमेरिकेत आणि इंग्लंडात गेलेल्या गरीब कुटुंबांची थट्टा करण्यासाठी हा शब्द निघाला, असे मानतात. देश कोणताही असो, थट्टेचा शब्द गरिबाच्या दाराला जाऊन चिकटतो.

थट्टेने कुणाचेच भले होत नाही. तेव्हा आता थट्टा बाजूला ठेवू आणि शरीराचा हिशेब पाहू.

आपण शेतकरी माणसे. म्हैस गाभण असली म्हणजे व्यायच्या दोन महिने आधी आपण तिला आटवतो. का? तर तिच्या अंगात ताकद यावी आणि पुढचे वेत चांगले व्हावे म्हणून. कोणती म्हैस कितव्या वेताची, हे घरातल्या पोरालाही पाठ असते. पण घरच्या बाईच्या अंगातून काय गेले आणि काय भरून आले, ह्याची नोंद कोण ठेवतो? अर्थात बाई म्हणजे गोठ्यातले जनावर नव्हे. तिला तिचे मन आहे, तिची इच्छा आहे. पण जो विचार आपण गोठ्यात करतो, तेवढा तरी घरात करायला काय हरकत आहे?

गरोदरपणात बाळाचे रक्त आणि हाडे आईच्याच अंगच्या साठ्यातून घडतात. लोह जाते, फोलिक आम्ल नावाचे जीवनसत्त्व जाते; बाळंतपणात रक्त जाते; पुढे अंगावर पाजण्यातही शक्ती जाते. गर्भाशय सहा आठवड्यांत पूर्ववत होते खरे. पण हा रिता झालेला साठा इतक्या लवकर भरत नाही. तो भरण्याआधीच पुन्हा दिवस गेले तर आईचे रक्त आणखी कमी होते. बाळ दिवसांआधी जन्मण्याचा आणि वजनाने कमी भरण्याचा धोका वाढतो. आधीचे बाळंतपण पोट चिरून झाले असेल, तर आतला व्रण पक्का व्हायलाही वेळ लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांच्या सल्ल्याने असे सुचवले आहे की, एक बाळंतपण झाल्यावर पुढचे दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. त्यात नऊ महिने मिळवले की दोन भावंडांत सुमारे पावणेतीन वर्षांचे अंतर पडते. सोपा हिशेब असा की, थोरले अंगणवाडीत जाऊ लागावे, मग धाकट्याने यावे.

पण झळ आईलाच लागते असे नाही. थोरल्याचेही नुकसान होते. ह्याची एक मोठी बोलकी कथा आफ्रिकेतून आली आहे. आज ज्याला घाना म्हणतात त्या देशात 1930 नंतरच्या काळात सिसिली विल्यम्स नावाच्या एक डॉक्टरीणबाई काम करीत होत्या. तिथल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत त्यांना एक आजार दिसला. पाय सुजत, केस भुरे होत, कातडी सोलपटून निघे, मूल किरकिरे होऊन मरून जाई. तिथल्या गा भाषेतल्या बायकांकडे ह्या आजाराला आधीपासूनच नाव होते, 'क्वाशिओरकर'. त्याचा अर्थ, नवे बाळ आले म्हणजे आधीच्या, जागेवरून उठवलेल्या बाळाला होणारा आजार. विल्यम्सबाईंनी 1935 साली तेच नाव वैद्यकाच्या जगापुढे ठेवले आणि ते आजही चालते. आपण मराठीत त्याला सूजवटी म्हणतो. पाहा, त्या बायकांचा शब्द थट्टेचा नव्हता. त्या शब्दात आजाराचे कारणच सांगून ठेवले होते. आईचे दूध तुटले आणि त्याच्या जागी नुसती मक्याची पेज आली, की मूल सुजते.

आपल्याकडेही हेच घडते. सुनेला पुन्हा दिवस गेले की घरात म्हणतात, "आता वरच्याला तोड. पोटुशीचं दूध बाधतं." मंडळी, हा समज बरोबर नाही. गरोदरपण सुरळीत असेल तर थोरल्याला पाजणे चालू ठेवता येते. मात्र आईच्या ताटात भर हवी, आणि काही त्रास असला तर डॉक्टरांना विचारायला हवे. दूध कमी होते, हे खरे. म्हणून सहा महिन्यांपुढच्या मुलाला वरणभात, खिचडी, उसळ कुस्करून, अंडे, केळे असे घट्ट अन्न दिवसातून अनेकदा द्यावे. नुसते भाताचे पाणी पाजून मूल वाढत नाही.

दुसरा समज असा की, "अंगावर पाजतीय तोवर काही होत नाही." ह्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर विसंबूनच पुष्कळ घरांत पाळणा लवकर हलतो. हे केव्हा खरे ठरते? बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, ते दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर असेल, आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसेल तर. ह्या तिन्ही अटी पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी सुरक्षित राहतात. ह्यांतली एक जरी सुटली तरी भरवसा सुटला. आणि ध्यानात ठेवा, बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच बीज तयार होते. म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात.

मग उपाय काय? तांबी आहे. ती बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी बसवता येते, आणि हवी तेव्हा काढता येते. 2017पासून सरकारी कार्यक्रमात दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' नावाचे इंजेक्शन आले. अंगावर पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. 'छाया' नावाची गोळी आली. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. पुरुषांसाठी निरोध तर 1968पासून आहे. कोणते साधन कुणाला मानवेल, हे नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या देशात कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 साली सुरू झाला. त्याच्याही आधी, 1921 साली, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि त्यासाठी लोकांची निंदा सोसली होती. तेव्हापासून आजपर्यंत पुष्कळ काम झाले. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी 1.7 मुले असल्याचे दिसले. म्हणजे 'किती' हा धडा आपण शिकलो. 'केव्हा' हा धडा राहिला. लवकर लग्न, दोनतीन वर्षांत दोन बाळंतपणे, आणि लगेच बाईचे ऑपरेशन, असा क्रम अजून कितीतरी घरांत आहे. आणि ऑपरेशन बाईचेच! त्याच पाहणीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झालेली शंभरात एकाचीही नव्हती. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. वर्गातली एखादी मुलगी वरचेवर गैरहजर राहते. चौकशी केली तर ती घरी कडेवर भावंड घेऊन बसलेली असते. आई बाळंतीण, किंवा आई मजुरीला. अशा वेळी हजेरी घेताना "ह्यांच्या घरी दरसाल एक" असा शेरा आपल्या तोंडून सहज जातो. वर्ग हसतो, आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याऐवजी तिच्या घरी जावे. धाकट्याला अंगणवाडीत घालायला सांगावे. आशाताईंची गाठ घालून द्यावी. आणि तिच्या वडिलांशीही बोलावे, केवळ आईशी नव्हे.

आणि ज्या घरी मुले पाठोपाठ झाली आहेत, तिथे काय करावे? तिथे झाले ते झाले. आलेले मूल आपलेच आहे. आईचे रक्त तपासावे, लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, थोरल्याचे वजन दरमहा पाहावे, आणि पुढची दोन वर्षे राखावीत. दोष देत बसण्यात वेळ घालवू नये.

पुढच्या बारशाला गेलात, म्हणजे एवढे करून पाहा. बाळंतिणीला विचारा, "जेवतीस का पोटभर? झोप होते का?" थोरल्याला जरा मांडीवर घ्या, त्यालाही हल्ली मांडी मिळत नसते. सासूबाई जवळ असल्या तर म्हणा, "आत्याबाई, दोन वर्षं तिला दम घेऊ द्या." आणि जाताजाता बाहेर पानसुपारी वाटणाऱ्या मालकांपाशी थांबा आणि हळूच विचारा, "काय रे, अंतराचं काय ठरवलंत दोघांनी?"

हा प्रश्न त्याला विचारला गेला, म्हणजे तिची मान आपोआप वर होईल.