पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची

अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर हे प्रवरेकाठचे जुने बाजारपेठेचे गाव. दौंड–मनमाड लोहमार्गावरील त्याच्या नावाचे स्थानक मात्र श्रीरामपूर शहरात आहे आणि त्याच नावाची साखर कंपनी हरेगावला होती. १९१९ साली स्थापन झालेल्या या बेलापूर कंपनीचा कारभार डब्ल्यू. एच. ब्रॅडी ही मुंबईची पेढी ‘मॅनेजिंग एजन्सी’ पद्धतीने पाहत असे, म्हणजे भांडवल भागधारकांचे असले तरी खरेदी, विक्री, नेमणुका आणि हिशेब त्या पेढीच्या हाती असत व त्याबद्दल तिला ठरलेला मोबदला मिळे. ही पद्धत १९७० मध्ये कायद्याने बंद झाली. तोवर जवळच लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहून ऊस पिकवणारा मालक आणि पगारी कार्यकारी संचालक अशी निराळीच व्यवस्था रुळली होती. मालकी एकाकडे व कारभार दुसऱ्याकडे ही गोष्ट या मुलखाला नवी नाही, म्हणूनच येथून चाळीसेक किलोमीटरवरच्या शिर्डीत हॉटेलांच्या रूपाने ती परतली तेव्हा तिचे फारसे कोणाला नवल वाटले नसावे.

शिर्डीतील निवासव्यवस्थेचा आरंभ गुंतवणुकीतून झालेला नाही. साठेवाडा १९०८ च्या सुमारास हरी विनायक साठे यांनी आणि दीक्षितवाडा १९१०–११ मध्ये मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित यांनी बांधला तो साईबाबांच्या भक्तांची सोय म्हणून. नागपूरच्या बुटींचा वाडा तर पुढे समाधी मंदिरच झाला. १९२२ पासून साईबाबा संस्थानचा कारभार न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार चालला आणि २००४ पासून तो स्वतंत्र राज्य कायद्याखाली आला. आज संस्थानची भक्तनिवासे हीच गावातील सर्वांत मोठी खोल्यांची पेढी आहे, आणि तिचे अल्प भाडे हा प्रत्येक खासगी लॉजच्या दरावरचा अदृश्य लगाम आहे. धार्मिक न्यासाच्या आवारातील हजार रुपयांखालच्या खोल्यांना वस्तू व सेवा करातून सूट असते, तर खासगी हॉटेलांच्या तशाच खोल्यांची सूट जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली.

या लगामापासून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे नाममुद्रा, म्हणजे प्रवाशाला आधीच ठाऊक असलेल्या साखळीची पाटी. लेमन ट्री या कंपनीने २०१९ मध्ये बर्गरुएन हॉटेल्स ही कंपनी घेतली, तेव्हा तिच्या ‘कीज’ नाममुद्रेखाली चालणाऱ्या एकवीस हॉटेलांपैकी केवळ सात तिच्या मालकीची होती. शिर्डीचे ‘टेंपल ट्री’ हॉटेल त्या सातांत नव्हते. कंपनी विकली गेली, पाटीचा धनी बदलला, इमारतीचा मालक तोच राहिला. जगभर या व्यवसायाचा कल असाच आहे: पोर्तो रिकोच्या सरकारी महामंडळाने बांधलेले सान हुआनचे हॉटेल १९४९ मध्ये हिल्टनने नफ्यातील वाट्यावर चालवायला घेतले, आणि उदयपूरचा लेक पॅलेस १९७१ मध्ये व्यवस्थापनासाठी ताजकडे आला.

मालकी आणि कारभार यांच्या या फारकतीचे मर्म मालक व चालक कंपनी यांच्यातील व्यवस्थापन करारात आहे, आणि तो वाचू लागल्यावर त्याच्या रचनेतील चातुर्याचे कौतुक व धास्ती दोन्ही वाटतात. समजा, ऐंशी खोल्यांच्या हॉटेलात सरासरी दर ३,००० रुपये आणि वर्षभर साठ टक्के खोल्या भरलेल्या. मग भरलेली असो वा रिकामी, प्रत्येक उपलब्ध खोलीमागे दररोज १,८०० रुपये पडतात, आणि खोल्यांचे वार्षिक उत्पन्न सव्वापाच कोटींच्या आसपास जाते. भोजन, सभागृह धरून एकूण सात कोटी मानू. चालक कंपनी एकूण विक्रीवर तीन टक्के मूळ शुल्क घेते: २१ लाख. पगार, वीज, शिधा वजा जाता उरतो तो ढोबळ कार्यकारी नफा. तो पस्तीस टक्के, म्हणजे २ कोटी ४५ लाख धरला, तर त्याच्या सहा टक्के प्रोत्साहन शुल्क १४ लाख ७० हजार. गाद्या, पडदे, लिफ्ट, वातानुकूलन बदलण्यासाठी विक्रीच्या चार टक्के, म्हणजे २८ लाख, राखीव ठेवायचे. मालकाहाती उरतात १ कोटी ८१ लाख, आणि त्याने इमारतीसाठी वीस कोटींचे कर्ज दहा टक्क्यांनी काढले असेल तर त्याचे व्याजच दोन कोटी होते. मालमत्ता कर आणि विमा पुढेच. हे आकडे उदाहरणापुरते असले तरी हॉटेल चांगले चालत असताना मालक तोट्यात कसा असू शकतो, हे त्यांवरून उमगते: मूळ शुल्क विक्रीवर आहे, व्याज कर्जावर आहे, आणि शेवटी उरणाऱ्या नफ्याची वाट पाहणारा एकटा मालकच आहे.

शिर्डीत हे गणित अधिकच हेलकावते. गुरुवार, शनिवार–रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या दिवसांत खोली मिळत नाही, आणि आठवड्याच्या इतर दिवसांत दर पाडूनही ती भरत नाही. २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाला, डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, पुढच्या फेब्रुवारीत मुंबईहून वंदे भारत आली. पण जो रस्ता भाविकाला लवकर आणतो तोच त्याला त्याच दिवशी घरी नेतो, ही गोष्ट प्रकल्प अहवालांत ठळकपणे मांडली जात नाही. मार्च ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ मंदिर बंद होते, तेव्हा शून्य विक्रीवरचे शुल्क शून्य झाले. व्याज मात्र हप्ते पुढे ढकलले तरी चढतच राहिले.

दुसरी अडचण सातबाऱ्याची आहे. हॉटेलाखालची जमीन पुष्कळदा पूर्वी शेती असलेली, भाऊ–बहिणींच्या सामाईक नावावरची असते, तर चालक कंपनीला दहा–वीस वर्षांच्या करारावर सर्व हिस्सेदारांची सही हवी असते, आणि कर्ज थकून बँकेने इमारत ताब्यात घेतली तरी आपला करार अबाधित राहील असे बँकेचे लेखी आश्वासनही. मुदतीआधी करार मोडायचा तर मालकाला उरलेल्या वर्षांच्या शुल्काइतकी भरपाई द्यावी लागू शकते. सहकारी कारखान्याच्या सभासदाला वार्षिक सभेत उठून कार्यकारी संचालकाला जाब विचारता येतो. हॉटेलमालकाला महिन्याचा अहवाल मिळतो, अंदाजपत्रकावर आक्षेप घेण्याची मुदत मिळते, पण आपल्याच इमारतीतील खोलीचा दर आज किती असावा हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक करारांत चालकाचा असतो.