नसलेल्या पायाचा ठणका आणि एक आरसा

पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला चार महिने झाले. टाके निघाले, जखम भरली. आणि रात्री दोन वाजता त्याच पायाचा अंगठा कुणीतरी पिरगळतंय अशी कळ येते. पांघरूण बाजूला करून पाहावं, तर अंगठा नाही, पाऊलच नाही.

हा त्रास आपल्याला असो किंवा घरातल्या कुणाला, आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: ही वेदना खरी आहे. हा मनाचा खेळ नाही, वेड नाही, आणि कापलेला पाय पुरला की जाळला याच्याशी तिचा काही संबंध नाही. तिला फँटम वेदना म्हणतात, म्हणजे शरीरावर आता नसलेल्या अवयवात जाणवणारं दुखणं. अवयव गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ते कधी ना कधी होतं. लोक हसतील या भीतीने पुष्कळजण डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

यावर घरी करता येण्याजोगा एक उपाय आहे, आणि त्याला लागतो साधा आरसा. तो ज्यांनी शोधला ते डॉ. व्ही. एस. रामचंद्रन चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. 1951 साली जन्मलेल्या रामचंद्रन यांनी तिथून एमबीबीएस केलं, मग केंब्रिजला पीएच.डी., आणि पुढे अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूवर संशोधन. उत्तर चेन्नईतल्या याच स्टॅनलीत आज हाताच्या दुखापतींवरचं संशोधन आणि पुनर्वसन यांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

आता हे दुखणं येतं कुठून ते पाहू. मेंदूच्या पृष्ठभागावर आपल्या साऱ्या शरीराचा जणू नकाशा असतो. पाय गेला तरी नकाशातली पायाची जागा पुसली जात नाही. या नकाशात हाताच्या शेजारी चेहरा येतो. हात गमावलेल्या एका तरुणाच्या गालाला रामचंद्रन यांनी कापसाच्या बोळ्याने हलकेच स्पर्श केला, तेव्हा त्याला तो गालावर जाणवलाच, शिवाय नसलेल्या बोटांवरही जाणवला. म्हणजे हाताच्या रिकाम्या जागेत शेजारच्या चेहऱ्याने घुसखोरी केली होती, असा त्यांचा खुलासा.

दुसरा भाग हालचालीचा. मेंदू पायाला ‘हल’ म्हणून हुकूम सोडत राहतो, पण हललो असं उत्तर परत येत नाही. हुकूम पुन्हा सुटतो, उत्तर पुन्हा नाही. कित्येकांना नसलेली मूठ इतकी घट्ट आवळल्यासारखी वाटते की नखं तळव्यात रुतताहेत असं जाणवतं, आणि ती उघडता येत नाही. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा आरसा बसवला आणि धडधाकट हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल अशी सोय केली. चांगली मूठ उघडली की आरशातली उघडायची, आणि काही रुग्णांची ती अदृश्य मूठही सैल व्हायची. जे उत्तर पायाकडून वा हाताकडून येत नव्हतं, ते डोळ्यांकडून मिळालं.

हा खुलासा पटण्यासारखा असला, तरी त्यावर सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत नाही. 2013 साली टमार मॅकिन आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की फँटम वेदना असलेल्यांच्या मेंदूत गमावलेल्या हाताची जागा बऱ्यापैकी शाबूत असते. म्हणजे नकाशात शेजाऱ्याने घुसखोरी केल्यामुळेच दुखतं, हे म्हणणं पुरं पडत नाही. उपाय करून पाहायला मात्र हा वाद आड येत नाही.

आरसा आणण्याआधी नक्की काय दुखतंय ते ओळखावं. सर्वात जास्त चूक इथे होते. नसलेलं पाऊल ‘आहे’ असं नुसतं वाटणं, त्याला खाज येणं, मुंग्या येणं ही फँटम जाणीव. ती त्रास देत नसेल तर काही करायची गरज नाही. नसलेल्या भागात ठणका, चमक, आग किंवा पेटके येणं ही फँटम वेदना. आणि उरलेल्या भागात, ज्याला दवाखान्यात स्टंप म्हणतात, तिथे दुखणं ही तिसरीच गोष्ट.

स्टंपच्या दुखण्याला आरसा उपयोगाचा नाही. तिथे जंतुसंसर्ग असू शकतो, हाडाचं टोक टोचत असेल, कापलेल्या नसेच्या टोकाशी गाठ झाली असेल (तिला न्यूरोमा म्हणतात), किंवा कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे सॉकेट, नीट बसत नसेल. स्टंप लाल, गरम किंवा सुजलेला असेल, पू किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. मधुमेह असेल तर विशेष करून, कारण तेव्हा संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग जखम कळतच नाही.

डॉक्टरांनी फँटम वेदनाच आहे असं सांगितलं की कामाला लागावं. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांना ही वेदना सहसा जुमानत नाही, म्हणून डॉक्टर नसांच्या वेदनेवरची औषधं देतात. आरसा सुरू केला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पहिली एक-दोन सत्रं फिजिओथेरपिस्टसमोर करता आली तर फार बरं.

आरसा पायासाठी असेल तर मांडीपासून पावलापर्यंत सारं दिसेल एवढा लांब हवा; हातासाठी दीड-दोन फूट पुरे. तो सपाट हवा. स्वस्त आरशात प्रतिबिंब किंचित लहरतं आणि मेंदूला ते लगेच खटकतं. कडा धारदार असतील तर त्यांना चिकटपट्टी लावावी. आरसा घसरू नये म्हणून उशीचा किंवा भिंतीचा आधार द्यावा, म्हणजे तो धरून बसायची वेळ येणार नाही.

मग चांगल्या पायातलं पैंजण, जोडवी, मोजा, हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात. गोंदण असेल तर झाकावं. हे बारीकसारीक वाटतं, पण अंगठी नेहमी ज्या हातात असते तिथेच मेंदू तिला ओळखतो, आणि आरशातला हात ‘आपला’ वाटत नाही.

पाठीला टेकून, पाय पसरून बसावं. आरसा दोन पायांच्या मध्ये लांबीच्या दिशेने उभा ठेवावा, चकाकती बाजू चांगल्या पायाकडे. स्टंप आरशामागे राहील, त्यावर चादर टाकावी. जरा झुकून पाहावं: आरशातलं पाऊल, पूर्वी खरं पाऊल जिथे असायचं, बरोबर तिथे दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर आरसा सरकवावा.

पहिली एक-दोन मिनिटं काहीच करू नये. नुसतं बघावं. बहुतेकजण इथेच घाई करतात, आणि मग ‘मला काही झालं नाही’ म्हणून आरसा कपाटामागे जातो.

त्यानंतर सावकाश हालचाल. पाऊल वर, पाऊल खाली. घोटा गोल. बोटं मुडपणं, बोटं पसरणं. नजर सतत आरशात हवी, खऱ्या पायाकडे नाही. आणि त्याच वेळी नसलेला पायही तसाच हलवायचा मनापासून प्रयत्न करावा. हा प्रयत्न राहून गेला तर नुसता चांगल्या पायाचा व्यायाम होतो.

नसलेलं पाऊल वाकडं अडकल्यासारखं वाटत असेल तर? मग आधी चांगलं पाऊल तसंच वाकडं करावं, आरशात दोघांची स्थिती जुळू द्यावी, आणि तिथून हळूहळू दोन्ही सरळ करावीत. आवळलेल्या मुठीचंही तसंच: आधी मूठ आवळावी, मग उघडावी. जोर लावू नये. दुखणं वाढलं तर हालचाल अर्ध्यावर आणावी, किंवा त्या दिवशी नुसतं पाहून थांबावं.

पहिल्या दिवसांत गरगरणं, मळमळणं होऊ शकतं. रडूही येतं. गेलेला पाय अचानक समोर दिसणं ही साधी गोष्ट नाही. नजर वळवावी, पाणी प्यावं, उद्या पाच मिनिटं करावं. घरच्यांनी अशा वेळी जवळ असावं आणि गप्प असावं.

रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. हे माप 2007 साली अमेरिकी सैनिकांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत वापरलं गेलं. पाय गमावलेल्या अठरा जणांनी ती पूर्ण केली. सहाजणांनी आरसा वापरला, सहाजणांचा आरसा कापडाने झाकलेला होता, आणि सहाजणांनी डोळे मिटून हालचालीची कल्पना केली. आरशाच्या गटात सहाही जणांची वेदना कमी झाली, झाकलेल्या आरशाच्या गटात एकाची, तर कल्पनेच्या गटात दोघांची. या दोन गटांत काहींची वेदना उलट वाढली. आरसा पाहणाऱ्यांपैकी दोघांना सुरुवातीला दुःख दाटून आलं होतं. आकडे उत्साहाचे आहेत, पण माणसं फक्त अठरा होती. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतका गुण आलेला नाही.

म्हणूनच वही ठेवावी. रोज रात्री वेदनेला 0 ते 10 मध्ये आकडा द्यावा: 0 म्हणजे काहीच नाही, 10 म्हणजे सहन न होणारी. किती वेळा कळ आली, झोप किती लागली तेही लिहावं. एका वाईट रात्रीवरून ‘फरक नाही’ असं ठरवू नये. पहिला आठवडा आणि चौथा आठवडा शेजारी ठेवून पाहावं. चार आठवड्यांनंतरही आकडा तिथेच असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. दुसरे उपाय आहेत.

दोन्ही पाय गेले असतील तर आरशात पाहायला पाय नाही. अशा वेळी समोर बसलेल्या माणसाच्या पायांच्या हालचाली पाहत आपले पाय तसे हलवण्याचा प्रयत्न करता येतो. पक्षाघातानंतर अशक्त झालेल्या हातासाठीही हीच आरशाची पद्धत वापरतात, पण तिची आखणी वेगळी असते, ती फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावी.

दुखणं आटोक्यात आलं की कृत्रिम पाय घालून चालणं सोपं जातं, आणि पुष्कळांना नियमित चालण्यानेही फँटम वेदनेत आराम पडतो. कृत्रिम पायांबाबतही चेन्नईत मोठं काम चाललं आहे. आयआयटी मद्रासच्या टीटीके पुनर्वसन संशोधन केंद्राने प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या नेतृत्वाखाली ‘कदम’ हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा विकसित केला, आणि तो 2022 मध्ये लोकांपर्यंत आला. मुंबईकरांसाठी हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारे एकाच आवारात भेटतात.

घरात असा कुणी असेल, तर ‘पायच नाही, मग दुखतंय कसलं’ असं कृपा करून म्हणू नये. जवळ बसून विचारावं: कुठे दुखतंय, अंगठ्यात की टाचेत? आणि जे उत्तर येईल ते वहीत लिहून घ्यावं.