किडीला हद्द कळत नाही

सानपाड्याहून तुर्भ्याच्या दिशेने निघालात, की थोड्याच वेळात निवासी इमारती मागे पडतात आणि कारखाने, गोदामे यांचा पट्टा सुरू होतो. हा औद्योगिक पट्टा १९६०च्या दशकात राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, वसवला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तिने सानपाड्यासारख्या वसाहती आखल्या. नवी मुंबई महानगरपालिका आली ती १९९२ साली. शहर एकच, पण त्याचे नकाशे आखणारे हात वेगवेगळे. कारखान्याचा भूखंड कोठे संपतो आणि घरांची वस्ती कोठे सुरू होते, हे या नकाशांवर नेमके दाखवता येते. झाडांवरच्या किडीला मात्र ही रेषा दिसत नाही.

उदाहरण पर्जन्यवृक्षाचे घेऊ. मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष आपण सावलीसाठी रस्तोरस्ती लावला. २०१४च्या सुमारास मुंबईतले असे अनेक वृक्ष पिठ्या ढेकणाने ग्रासले आणि वाळले. फांदीवर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते, ती ही कीड. ती रस शोषते आणि चिकट, गोड स्राव सोडते. त्यावर काळी बुरशी चढते आणि पानाला ऊन मिळेनासे होते. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात. त्या किडीच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लांना इकडून तिकडे नेतात. अंगावर मेणाचे आवरण असल्याने वरवरची फवारणी किडीपर्यंत नीट पोहोचत नाही. बुंध्याभोवती काँक्रीट असलेले, मुळांना पाणी न मिळणारे झाड तर आधीच दुबळे झालेले असते.

पिल्ले वाऱ्याने पसरतात, तशीच वाहनांवरून आणि छाटलेल्या फांद्यांबरोबरही. म्हणजे कारखान्याच्या आवारातल्या झाडाची छाटणी करून फांद्या उघड्या ट्रकमधून नेल्या, तर कीड वाटेतल्या वसाहतीला वाटत जाते.

गोदामांचा धोका आणखी वेगळा. चीनमधून मालाच्या लाकडी खोक्यांतून खोडकिडा अमेरिकेत पोहोचला. १९९६ साली तो न्यूयॉर्कमध्ये आढळला आणि १९९८ साली शिकागोत. शिकागोत दीड हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. पण बाधित भाग आखून तिथले लाकूड बाहेर नेण्यास बंदी घातली गेली आणि २००८ साली तो भाग कीडमुक्त जाहीर झाला. तिथे रेषा आखली ती किडीच्या वावरावरून, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २००२ साली लाकडी वेष्टनांसाठी जागतिक मानक आले. त्यातल्या एका पद्धतीनुसार लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावा लागतो आणि त्यावर शिक्का उमटवावा लागतो. परदेशी माल उतरवणाऱ्याने हा शिक्का पाहायलाच हवा.

आपल्याकडे १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते, झाड तोडायला परवानगी लागते आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना अपेक्षित असते. या गणनेत झाडाच्या जातीबरोबर किडीचीही नोंद घ्यावी. ती महापालिका आणि एमआयडीसी यांनी एकत्र पाहावी, आणि बाधित फांद्या हद्द ओलांडण्याआधी झाकून न्याव्यात किंवा जागीच नष्ट कराव्यात. पिठ्या ढेकणावर जगणारा क्रिप्टोलिमस हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. अशा मित्रकिडींना वाव द्यायचा, तर सरसकट विषारी फवारणीही टाळायला हवी.

वाळलेल्या झाडाची फांदी पावसाळ्यात खाली येते, तेव्हा खालून जाणारा माणूस कोणाच्या हद्दीतला, हे ती विचारत नाही. म्हणून घराजवळच्या झाडावर पांढरे पीठ दिसले, तर झाड कोणाच्या हद्दीत आहे याचा शोध घेत बसू नका. आधी कळवा. हद्दीचा हिशेब कार्यालयांनी आपसात करावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)